क्वार्टरबॅक पडला की तुम्ही आधी काय बघता?

ओहायोकर:
मंडळी, मेहुण्याशी वाजलंय म्हणून विचारतोय. आमच्या घरगुती अमेरिकन फुटबॉल फँटसी लीगमध्ये (खरे खेळाडू वाटून घेऊन कागदी संघ करायचे, त्यांच्या खेळावर गुण मिळवायचे) तो क्वार्टरबॅक तुआ तंगोवायलोआला ‘काचेचं भांडं’ म्हणतो. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा खेळ चालवणारा गडी. त्याच्या मते खरा क्वार्टरबॅक आमचा जो बरो. 2021 च्या मोसमात 51 सॅक खाल्ले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच तितक्यांदा आडवा झाला, वर प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, टेनेसीने एकाच सामन्यात 9 वेळा लोळवला, तरी पठ्ठ्याने सामना काढला.

मीही सिनसिनाटी बेंगॉल्सवालाच, बरोवर माझाही जीव आहे. पण 29 सप्टेंबर 2022 ला मी सिनसिनाटीच्या स्टेडियममध्ये होतो, समोर तुआचा मायामी संघ. आमच्या जोश टुपूने तुआला गरगरा फिरवून आपटला आणि मी खुर्चीवर उभा राहून बोंबललो. शेजारच्या आजोबांनी काही न बोलता त्यांची दुर्बीण माझ्या हातात दिली. तुआ पाठीवर पडलेला, हात चेहऱ्यासमोर अधांतरी आणि बोटं वाकडीतिकडी ताठरलेली. ती बोटं मला आजही दिसतात. चारच दिवस आधी बफेलोविरुद्ध डोकं आपटल्यावर तो झोकांड्या खात होता. पाठीचं दुखणं आहे असं सांगितलं गेलं आणि त्याच सामन्यात तो परत उतरला.

आता लाजिरवाणी गोष्ट. दुर्बीण परत दिली आणि मी फोन काढून बदली आलेला टेडी ब्रिजवॉटर लीगमध्ये कोणाकडे आहे ते बघितलं.

तर प्रश्न असा, की ‘मार खाऊन उठतो’ हा क्वार्टरबॅकचा गुण धरायचा का? की तेवढा मार बसलाच का, हे आधी विचारायचं?

जुना_नाइनर:
मी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा क्वार्टरबॅक स्टीव्ह यंगच्या काळातला. 27 सप्टेंबर 1999, मंडे नाइट, समोर ॲरिझोना. एनिअस विल्यम्स ब्लिट्झवर, म्हणजे थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर, धावून आला आणि यंग निपचित पडला. उठून चालत बाहेर गेला खरा, पण पुढे एकही सामना खेळला नाही. त्यामुळे डोक्याच्या माराची चेष्टा मी करत नाही.

तरीही तुमच्या मेहुण्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. सप्टेंबर 2024 चा बफेलोचा सामना आठवा. मायामी 31-10 ने मागे, तुआ चेंडू घेऊन पळाला आणि सरळ बफेलोच्या डॅमार हॅमलिनवर जाऊन धडकला. परत कंकशन (डोक्याला धक्का बसून मेंदू हादरणं), परत ती बोटं. पाय पुढे टाकून घसरला असता तर डाव तिथेच थांबला असता, त्यानंतर कोणी अंगावर आलं असतं तर वर दंडाचे 15 यार्ड मिळाले असते. नियम क्वार्टरबॅकला जपतात, पण घसरायचं त्याचं त्यालाच असतं. हा भित्रेपणा नाही, हिशेब आहे. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी 45 वर्षांचा होईपर्यंत खेळला तो काय धडका मारत?

रिहॅबवाली:
मी फिजिओ आहे. त्या बोटांबद्दल सांगते. याला फेन्सिंग रिस्पॉन्स म्हणतात, तलवारबाजासारखे हात ताठरतात म्हणून. धक्का मेंदूच्या देठापर्यंत पोचल्याची ती खूण. माणूस ते मुद्दाम करत नाही आणि थांबवूही शकत नाही. त्यात कणखर काय नि काचेचं काय!

पण तुम्ही सगळे क्वार्टरबॅकवरच अडकलात. कॅमेरा त्याच्यावर असतो म्हणून. एनएफएलच्या (अमेरिकेतल्या मुख्य फुटबॉल लीगच्या) ज्या खेळाडूच्या मेंदूत सीटीई, म्हणजे डोक्यावर वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार, पहिल्यांदा सापडला, तो माइक वेबस्टर सेंटर होता, क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू देणारा, म्हणजे जवळपास प्रत्येक डावाला समोरच्याशी टक्कर. त्यातल्या बहुतेक टकरींना कोणी कंकशन म्हणणार नाही, पण वर्षानुवर्षं साचत जातं ते हेच. बॉस्टन विद्यापीठाच्या 2017 च्या अभ्यासात एनएफएलच्या 111 माजी खेळाडूंचे मेंदू तपासले होते, 110 मध्ये सीटीई निघाला. मात्र ‘शंभरातल्या नव्व्याण्णवांना होतो’ असं वाचू नका. मेंदू दान करतात ती घरं बहुतेक आधीच त्रास बघून हबकलेली असतात. क्वार्टरबॅकही सुटत नाहीत, केन स्टेबलरच्या मेंदूत निघालाच. आणि पक्कं निदान अजून मृत्यूनंतरच होतं, त्यामुळे तुआला इथे बसून आजार चिकटवू नका.

कोल्ट्सचा_भक्त:
24 ऑगस्ट 2019. आमच्या कोल्ट्सचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक निवृत्त होतोय ही बातमी सामना चालू असतानाच फुटली. तो मैदानाबाहेर जाताना लोकांनी हुर्यो केली, त्यात मी होतो. 29 वर्षांचा पोरगा. मूत्रपिंड फाटलेलं, 2017 चा अख्खा मोसम खांद्यापायी गेलेला. मला तेव्हा फक्त आमचा मोसम बुडाला एवढंच दिसत होतं. बाकी चर्चा चालू द्या.

काचेचं_भांडं_म्हणणारा:
दाजी, मीच तो. बहिणीने लिंक पाठवली.

बोटांचं मला माहीत नव्हतं, तो शब्द मागे घेतो. पण बरोचं बोललो ते कायम. आणि त्याचे 51 सॅक ही त्याची मर्दुमकी नाही, त्याला वाचवायचं काम असलेल्या आपल्या ऑफेन्सिव्ह लाइनची लाज आहे, हेही मीच म्हणालो होतो. ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. पहिल्याच वर्षी गुडघा गेला तो अशाच लाइनमागे.

आणखी एक गाळलंत. ब्रिजवॉटर माझ्याकडे होता. तुम्ही नुसतं ‘बघितलं’ नाही, ट्रेडची, म्हणजे खेळाडू अदलाबदलीची, ऑफर पाठवली होती. आत्ता ॲप उघडून वेळ बघितली.

ओहायोकर:
पाठवली होती. स्ट्रेचर अजून मैदानातच होतं.