हंगामाची बेरीज जुळते, पण पावसातील खंडांचे काय? हवामान मॉडेलांवर कितपत विसंबावे?

प्रश्न (जलसंधारण, नागपूर)

काटोल आणि नरखेड भागातील शेततळ्यांचे आराखडे तयार करणे हे माझे काम आहे. तळ्याची क्षमता ठरवताना पुढील काही दशकांचा पाऊसही विचारात घ्यावा असा आग्रह अलीकडे होतो आणि त्यासाठी जागतिक हवामान मॉडेलांचे दैनंदिन आकडे पुढे केले जातात.

माझी शंका हंगामाच्या एकूण पावसाविषयी नाही. २०२३ मध्ये देशाचा हंगाम सरासरीच्या ९४ टक्क्यांवर संपला. मात्र जुलैत १३ टक्के जास्त आणि ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी पाऊस झाला व तो १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पुढे २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. सोयाबीनच्या शेंगा भरत असताना पावसाने दिलेली ओढ हंगामाच्या बेरजेत दिसत नाही. झड आणि उघाड यांचा हा क्रम मॉडेलांना साधतो काय, की केवळ बेरीजच जुळते?

उत्तर (हवामानशास्त्र, धरमपेठ)

क्रम निर्माण होतो, परंतु त्याचा जोर, वेग आणि जागा यांपैकी एखादी तरी गोष्ट बहुतेक मॉडेलांत चुकते.

मध्य भारतातील झडी आणि खंड यांमागे मुख्यतः दोन लयी असतात. पहिली साधारण ३० ते ६० दिवसांची आहे: विषुववृत्तालगतच्या हिंदी महासागरावर ढगांचा पट्टा तयार होतो आणि दिवसाला सुमारे एक अक्षांश या गतीने उत्तरेकडे सरकत आपल्यापर्यंत पोहोचतो. मॅडन आणि ज्युलियन या हवामानशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दाखवलेल्या, विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणाऱ्या ढग-वाऱ्यांच्या दोलनाशी तिचे जवळचे नाते आहे. दुसरी १० ते २० दिवसांची असून ती पश्चिम प्रशांत महासागर व बंगालच्या उपसागराकडून पश्चिमेला येते. मान्सूनचा आस, म्हणजे उत्तर भारतावर पसरणारा कमी दाबाचा लांबट पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी गेला की विदर्भात उघाड पडते. तो दक्षिणेला येऊन उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे त्याच्या आधाराने आत शिरू लागली की झड लागते.

आता अडचण पाहू. पाऊस देणारा एखादा ढग काही किलोमीटर रुंद असतो, तर अनेक जागतिक मॉडेलांच्या जाळीतील एकेक घर सुमारे १०० किलोमीटरचे असते. त्यामुळे ढग प्रत्यक्ष घडत नाहीत. त्यांचा परिणाम सूत्रांनी अंदाजावा लागतो. ही सूत्रे फार लवकर पाऊस पाडतात. हवेत ओलावा साठून राहणे आणि मग एकदम मोठी झड लागणे यासाठी जो धीर लागतो, तो त्यांच्यात नाही. परिणामी मॉडेलमध्ये जवळजवळ रोज भुरभूर चालू राहते, हंगामाची बेरीज कदाचित जुळते, पण खंड पुरेसा कोरडा होत नाही. आपल्याकडे दुपार उलटल्यावर येणारा गडगडाटी पाऊसही अनेक मॉडेलांत भर दुपारीच उरकतो.

दुसरा दोष अधिक खोल आहे. कित्येक मॉडेलांत विषुववृत्ताजवळच्या महासागरावर पाऊस जास्त आणि मध्य भारतावर कमी पडतो. पट्ट्याचे उत्तरेकडे सरकणे हे वाऱ्यांच्या उंचीनुसार होणाऱ्या बदलावर आणि ओलाव्याच्या वाटपावर अवलंबून असल्याने, ही सरासरी स्थितीच बिघडली की पट्टा वाटेतच अडखळतो. समुद्राचा वाटाही मोठा आहे. निरभ्र आकाशाखाली पाणी तापते, नंतर ढग वाढतात, आणि ढग व वारा मिळून पाणी पुन्हा थंड करतात. समुद्राचे तापमान बाहेरून ठरवून दिलेल्या मॉडेलांत ही देवाणघेवाण नसते, म्हणून तापमान आणि पाऊस यांचा आगेमागे असण्याचा क्रम बिघडतो.

मॉडेलांची तुलना करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या (CMIP) टप्प्यांना पिढ्या म्हटले, तर तिसऱ्या पिढीच्या तुलनेत पाचव्या आणि सहाव्या पिढीतील मॉडेले निश्चितच सुधारली आहेत. तरीही अरबी समुद्रापासून पश्चिम प्रशांतापर्यंत वायव्य-आग्नेय असा तिरपा पसरणारा पर्जन्यपट्टा ही त्यांची सर्वांत कठीण परीक्षा आहे. आपण निवडलेले मॉडेल तिच्यात उतरते का, हे एकूण पावसाच्या आधी पाहावे, असे माझे मत आहे.

उत्तर (आकडेवारी विश्लेषण, वर्धा रोड)

वरील विवेचन मान्य आहे, परंतु मॉडेल चांगले असूनही उत्तर चुकू शकते. अनेक मॉडेलांच्या दैनंदिन आकड्यांची सरासरी काढून तीत कोरडे दिवस मोजू नयेत. प्रत्येक मॉडेलमधील खंड वेगळ्या तारखांना पडतो, त्यामुळे सरासरीत सगळे खंड बुजतात आणि उरतो तो संथ, सारखा पाऊस. खंड आधी प्रत्येक मॉडेलमध्ये स्वतंत्रपणे मोजावेत आणि मग त्या मोजणीची तुलना करावी.

२.५ मिलिमीटर म्हणजे पावसाचा दिवस हा भारतीय हवामान विभागाचा निकषही भुरभुरणाऱ्या मॉडेलला जसाच्या तसा लावता येत नाही. आकडे दुरुस्त करून घेतले तरी दुरुस्ती बहुधा रोजच्या प्रमाणाची होते, दिवसांच्या क्रमाची नव्हे; जिथे सलग बारा कोरडे दिवस हवेत तिथे चार-चारचे तीन तुकडे असतील, तर ते तसेच राहतात. दुरुस्त आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवणारे अहवाल म्हणूनच मला खटकतात.

प्रश्नकर्ता

मग शेततळ्यासाठी खंडाची लांबी कोठून घ्यावी? आणि हवामान विभाग दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाज देतो, तोही याच कारणाने कच्चा समजावा काय?

उत्तर (हवामानशास्त्र, धरमपेठ)

तो अंदाज वेगळ्या जातीचा आहे. त्याची सुरुवात त्या दिवसाच्या प्रत्यक्ष निरीक्षणांपासून होते, म्हणून पट्टा सध्या कोठे आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. पहिल्या दोन आठवड्यांत त्याचा चांगला उपयोग होतो, पुढे विश्वासार्हता घटत जाते. फवारणी किंवा संरक्षित ओलित ठरवण्यासाठी तो जरूर वापरावा. तळ्याच्या क्षमतेशी त्याचा संबंध नाही.

क्षमतेसाठी हवामान विभागाची १९०१ पासूनची पाव अंशाच्या जाळीवरील दैनंदिन पर्जन्य आकडेवारी घ्यावी आणि जुलै-ऑगस्टमधील खंडांच्या लांबीचे वितरण तिच्यातून काढावे. मॉडेलांकडून फक्त बदल घ्यावा, म्हणजे त्याच मॉडेलच्या भूतकाळाशी तुलना करता भविष्यातील खंड किती लांबतात किंवा आखडतात तेवढेच. आणि उत्तरेकडे सरकणारा पट्टा ज्यांत मुळीच दिसत नाही ती मॉडेले त्या तुलनेतून वगळावीत.