उ. : शाश्वत बांधकामाच्या प्रशिक्षणात आर्किटेक्टना काय शिकवावं?

हरित इमारतींच्या रेटिंगच्या गुणांवर दिवसभर भाषणं नकोत, असं काहींचं मत आहे; ते मला पटलं. त्याऐवजी प्रत्येकाला स्वतःच्या चालू कामाचा छेद (इमारत उभी कापल्यासारखं चित्र) आणायला सांगा आणि यू-व्हॅल्यू, म्हणजे छत-भिंतीतून उष्णता किती सहज आरपार जाते तो आकडा (जितका कमी तितका चांगला), हाताने काढायला लावा. सुरुवात छतापासून. इको निवास संहिता २०१८ (घरांसाठीची ऊर्जा-बचत संहिता) नुसार छताच्या यू-व्हॅल्यूची मर्यादा १.२ (वॅट प्रति चौ. मी. प्रति केल्विन) आहे. १५० मिमीचा उघडा स्लॅब ३.३ च्या आसपास जातो, त्यावर १०० मिमी ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) टाकला तरी सव्वादोन-अडीच. म्हणजे आपला लाडका कोबा नापास! २५ मिमी एक्सपीएसने (दाट फोमच्या इन्सुलेशन शीटने) छत कागदावर पास होतं. नागपूरच्या मे महिन्यासाठी ५० मिमी धरा.

थरांचा क्रमही काढून घ्या : खालून वर स्लॅब, उताराचं स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर), वॉटरप्रूफिंग, एक्सपीएस, जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), जाळीचं स्क्रीड, पांढरी टाइल. स्वस्त म्हणून हलक्या घनतेचं थर्मोकोल वापरलं की ते पावसाळ्यात पाणी धरतं आणि इन्सुलेशन संपतं. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) सांध्यात इन्सुलेशनची पट्टी तुटली तर तिथून उष्णता आत येते. पांढरा रंग एकटा पुरत नाही, धुळीने तो मळतो. मार्चआधी धुवावाच लागतो.

पश्चिमेला आडवा छज्जा जवळपास निरुपयोगी, कारण दुपारनंतर सूर्य खाली आल्याने ऊन तिरपं आत येतं. तिथे उभे फिन (खिडकीबाहेरच्या उभ्या पट्ट्या) किंवा बाहेरची जाळी. नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा औष्णिक वीज केंद्रांची राख जवळच असल्याने फ्लाय अॅश विटा सहज मिळतात, पण उष्णतारोधात एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांचे हलके काँक्रीट ब्लॉक) सरस.

आणि कूलर! समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला खिडकी नसेल तर खोली नुसती दमट होते. हे नकाशातच दाखवायला हवं.