गोळी सुरू केल्यापासून चिडचिड, आणि माकडिणींवरचे प्रयोग... कुणी समजावेल का?

येऊरपायथा:
नमस्कार, मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, वय २९. दोन महिने झाले गर्भनिरोधक गोळी घेतेय, लेवोनोरजेस्ट्रेल आणि एथिनिल एस्ट्राडायॉलवाली, आणि तेव्हापासून नवऱ्याने चहाचा कप तसाच ठेवला तरी डोळ्यात पाणी येतं नाहीतर मी ओरडते. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाल्या मनाचे खेळ आहेत. ते फार लागलं. काल वाचलं की माकडिणींना अशी औषधं देऊन त्यांचं वागणं तपासलंय. माकडिणीला काही माहीत नसतं ना की ही गोळी काय करते, मग तिच्यात फरक पडला तर तो मनाचा खेळ कसा?

ऐरोलीकर:
ताई, मी कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवते, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. गोळीचं कामच मेंदूतून चालतं. हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी या मेंदूतल्या हार्मोन सांभाळणाऱ्या भागांकडून बीजांडकोशाला जाणारा सिग्नल दबतो, म्हणून अंडं सुटत नाही. आणि अंडं सुटलं नाही की शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोनही फारसं बनत नाही, मग त्यापासून होणारं ॲलोप्रेग्नॅनोलोन, जे मेंदूत गाबा रिसेप्टरवर बसून शांत करतं, तेही कमी पडतं. गोळीतलं लेवोनोरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन, पण त्यापासून ते बनत नाही.

माकडं का, तर रीसस माकडिणीची पाळीसुद्धा साधारण २८ दिवसांची. २००४ मध्ये लांब शेपटीच्या मकाक माद्यांना बायका घेतात तसलीच गोळी देऊन केलेला अभ्यास छापून आला, त्यात वागणं आणि मेंदू दोन्हीकडे फरक दिसला होता. मला मात्र बबून माकडांचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. प्राणिसंग्रहालयात संख्या आटोक्यात ठेवायला माद्यांना प्रोजेस्टिनचं, म्हणजे लेवोनोरजेस्ट्रेलसारख्याच कृत्रिम हार्मोनचं, कातडीखाली बसणारं इम्प्लांट लावतात. एरवी इस्ट्रोजेनमुळे मादीच्या पार्श्वभागाला सूज येते, नर ती बघूनच जवळ येतो, इम्प्लांटमुळे ती सूज कमी होते किंवा येतच नाही, मग नराचंही वागणं बदलू शकतं. म्हणजे औषध एकीच्या अंगात आणि परिणाम कळपात. अर्थात माकडाचं सगळं आपल्याला जसंच्या तसं लागू होत नाही.

वाशीची_सून:
मी माला-एन ही गर्भनिरोधक गोळी चार वर्षं घेतली, काहीच झालं नाही. माझ्या बहिणीला पहिल्याच महिन्यात रडू यायला लागलं, तिने कॉपर-टी बसवली, त्यात हार्मोन नसतात, ती आता बरी आहे. दोघी सख्ख्या बहिणी बघा.

ऐरोलीकर:
अगदी असंच असतं. डेन्मार्कमध्ये १० लाखांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासल्या, २०१६ मध्ये छापून आलं, गोळी घेणाऱ्यांत डिप्रेशनची औषधं सुरू होण्याचं प्रमाण जास्त निघालं आणि १५ ते १९ वयात सगळ्यात जास्त. गोळीमुळेच झालं हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि बहुतेकींना काही होत नाही, पण तुमची तक्रार खोटी ठरत नाही. ताई, पाकीट मधेच सोडू नका, रोज दोन ओळी लिहून ठेवा आणि दुसऱ्या गायनॅकना दाखवा. जगणं नको वाटायला लागलं तर मात्र थांबूच नका, त्याच दिवशी जा.

येऊरपायथा:
तसं काही नाहीये ताई, पण वही आजपासून सुरू करते. नवऱ्याला तुमचं बबूनवालं वाचून दाखवलं, तो म्हणाला शनिवारी मी पण येतो डॉक्टरांकडे.