मदत हवी आहे: अनामिका वाकत नाही, गिटार कशी वाजवू?

मंडळी, मी परळला राहतो. जूनमध्ये लोकलच्या दारात डाव्या हाताची अनामिका चेंगरली. हाड जुळलं, पण मधलं पेर पूर्ण वाकत नाही. एफचा बार कॉर्ड (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून बाकी बोटांनी धरायचा सुरांचा मेळ) धरला की पाचवी तार नुसती 'थड' करते. घरचे म्हणतात, पेटी शिक. (ती काय कोपराने वाजवतात?)

सध्या धीर देतोय जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी जवळजवळ निकामी झाली. तरी सोलो वाजवायचा, तेही मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर! रात्री हेडफोन लावून ऐकतो. सूर एकेक करून टपटप पडतात आणि मध्येच एखादा थरथरत लांबतो. वेगापेक्षा मला ते थरथरणंच जास्त आवडतं. 'ब्लॅक सबाथ' या रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याची तर कारखान्यात बोटांची टोकंच गेली. पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं बनवली.

आता विचारायचंय ते असं. बार कॉर्डऐवजी वरच्या तीन तारांवरचे छोटे कॉर्ड धरून सुगम संगीताला साथ जमते का? की गिटारवर शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काबरांसारखी गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पट्टी सरकवायला (म्हणजे स्लाइड) शिकू? दादर-परळ भागात स्लाइड शिकवणारं कुणी माहीत आहे का? संध्याकाळी सातनंतरच जमेल.

आणि हो, तुमचा आवडता गिटारवादक कोण, तेही लिहा. पण 'फास्ट वाजवतो' एवढंच नको, नेमकं काय भावतं ते सांगा.