इंजिन खोलण्याआधी एवढं करून बघा

थंड माझदा आरएक्स-८ (रोटरी इंजिनची गाडी, यात पिस्टनऐवजी फिरते रोटर असतात) दारातून जरा पुढे घेतली, लगेच बंद केली आणि आता स्टार्टर फिरतो पण गाडी चालू होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत जास्तीचं पेट्रोल साचलंय. ते पेट्रोल अपेक्स सीलवरचं (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांवरचं) तेल धुऊन नेतं आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, पडतं.

बॅटरी पूर्ण चार्ज करा. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून १० सेकंद स्टार्टर मारा. तेव्हा इंजेक्टर पेट्रोल सोडत नाहीत. नाहीच झालं तर चारही स्पार्क प्लग काढा. ओलेचिंब असतील, पेट्रोलचा भपकारा येईल. वाळवून बसवा, पण लीडिंग आणि ट्रेलिंग (प्रत्येक रोटरचे दोन प्लग) यांची अदलाबदल नको, दोन्ही वेगळे असतात. प्लगना ठिणगीसाठी वीज देणारी कॉइलही तपासा. कॉम्प्रेशन टेस्टशिवाय कुणालाही इंजिन खोलू देऊ नका, कळकळीने सांगतोय.