मदत हवी आहे : आईच्या पायातल्या फुगलेल्या शिरा, डॉप्लर रिपोर्ट आणि स्टॉकिंग्ज

केतकी :
आईचं वय 56, पोळी-भाजी केंद्रात रोज 9 तास उभ्याने काम. मधुमेह आहे. डाव्या पोटरीवर शिरांच्या गाठी दिसतात, घोटा संध्याकाळी सुजतो आणि सकाळी उतरतो. घोट्याच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग पडलाय, तिथे खाज येते. डॉप्लरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) डीप व्हेन्स, म्हणजे खोल नीला, मोकळ्या, गुठळी नाही. ग्रेट सॅफेनस व्हेन (घोट्यापासून जांघेपर्यंतची त्वचेखालची लांब शीर) 7 मिमी, जांघेपाशी रिफ्लक्स 2.4 सेकंद. डॉक्टरांनी क्लास 2 स्टॉकिंग्ज (पायावर दाब देणारे घट्ट लांब मोजे) लिहून दिलेत, लेसरचं पुढच्या भेटीत ठरेल.
हृदय उत्तम आहे, मग रक्त पायातच का साठतं? स्टॉकिंग रात्रीही घालायचं का? आणि लेसरने शीर बंद केली तर रक्त वर जाणार कुठून?

निरगुडी :
पहिल्या प्रश्नात बाकीच्यांची उत्तरं दडली आहेत. रोहिणीत रक्त 120/80 च्या दाबाने निघतं, पण केशवाहिन्या ओलांडून नीलेत पोचेपर्यंत तो जोर जवळपास संपलेला असतो. माणूस उभा असला की हृदयापासून घोट्यापर्यंत साधारण 120 सेंमी उंचीचा रक्ताचा स्तंभ तयार होतो आणि त्याच्या नुसत्या वजनाने घोट्याच्या नीलेतला दाब 90 मिमी पाऱ्याच्या आसपास जातो. निरोगी माणसाचाही.
हे रक्त वर चढवते पोटरी. पाऊल टाकलं की पोटरीचा स्नायू आवळतो, आतली खोल नीला पिळली जाते आणि रक्त वर सरकतं. स्नायू सैल पडला की ते खाली येऊ पाहतं, तेव्हा झडपेच्या दोन पाकळ्या मिटतात. दहा-बारा पावलांत घोट्याचा दाब 30 च्या खाली येतो. झडपा मिटत नसतील तर वर गेलेलं रक्त परत खाली येतं, चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. रिपोर्टमधला 'रिफ्लक्स' म्हणजे हेच उलटं वाहणं. या शिरेत अर्ध्या सेकंदापर्यंत चालतं, आईचं 2.4 आहे.
झडप स्वतःच्या हातावर बघता येते. दंडाला रुमाल बेताचा आवळा, मनगटाची नाडी लागत राहिली पाहिजे. हाताच्या शिरेवर बारीक गाठी उठतील, त्या झडपा. दोन गाठींपैकी मनगटाकडच्या गाठीवर एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे, पुढच्या गाठीपलीकडे, रक्त निपटून न्या. वरचं बोट उचललं तरी मधला तुकडा रिकामाच राहतो. खालचं बोट उचला, क्षणात भरतो. विल्यम हार्वेने 1628 च्या ग्रंथात हाच प्रयोग चित्रांसह दिला आहे. दोनेक मिनिटांत रुमाल सोडा. आईच्या पायावर मात्र हे करू नका.

कोरांटी :
डागाकडे नीट लक्ष द्या. दाब चढलेलाच राहिला की तांबड्या पेशी केशवाहिन्यांबाहेर झिरपतात, त्यातलं लोह त्वचेत साठतं आणि डाग दिसतो. जखम होते ती बहुतेकदा याच जागी. खाजवू देऊ नका, दिवसातून दोनदा बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा.
मधुमेह आहे म्हणून स्टॉकिंग घेण्याआधी रोहिण्या तपासल्या आहेत का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. घोट्याशी मोजलेला वरचा (सिस्टोलिक) रक्तदाब भागिले दंडाचा वरचा रक्तदाब, याला एबीआय म्हणतात. 0.5 च्या खाली असेल, म्हणजे पायाला रक्त फारच कमी पोचत असेल, तर स्टॉकिंग अजिबात नाही, 0.5 ते 0.8 मध्ये डॉक्टर ठरवतील तेवढंच. मधुमेहात रोहिण्यांत चुना साचून आकडा खोटा वाढतो, त्यामुळे 1.3 च्या वर आला तर खूश न होता पायाच्या बोटाचा दाब मोजून घ्यावा.

केतकी :
एबीआय केलेला नाही, उद्याच विचारते. तोवर क्रेप बँडेज बांधलं तर चालेल का?

कोरांटी :
नको. स्टॉकिंगचा दाब घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर कमी होत जातो. घरी बांधताना घोट्याशी सैल आणि पोटरीशी घट्ट होतं, म्हणजे वरून फास. तोवर पाय वर घेऊन पडणं पुरे : टाच हृदयापेक्षा उंच, 20 मिनिटं, दिवसातून तीनदा. नुसत्या स्टुलावर पाय ठेवल्याने ती उंची मिळत नाही.
एबीआय ठीक आला की माप सकाळी, सूज चढण्याआधी द्या. घोट्याच्या वरचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर, आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची लांबी. पाकिटावर मिमी पाऱ्याचा आकडा बघा, जर्मन क्लास 2 म्हणजे 23 ते 32, ब्रिटिश क्लास 2 म्हणजे 18 ते 24. कोणतं लिहिलंय ते विचारून घ्या. पलंगावरून उतरण्याआधी घालायचं, झोपताना काढायचं. आडवं झालं की रक्ताचा स्तंभच उरत नाही, रात्री गरज काय? टाचेपर्यंत उलटं करून पाऊल आधी बसवा, मग रबरी हातमोजे घालून वर सरकवा. वरची कड दुमडू नका, तिथे दाब दुप्पट होतो. साधारण सहा महिन्यांत ताण जातो, मग नवं घ्यावं. मधुमेहात बोटं आणि टाच रोज बघा. बोटं गार, निळी किंवा बधिर झाली तर लगेच काढा.

निरगुडी :
लेसरबद्दल. पायातलं सुमारे 90 टक्के रक्त खोल नीलांतून जातं आणि आईच्या त्या मोकळ्या आहेत. बंद होणार ती शीर उलटी वाहतेय, ती मिटल्यावर खोल नीलांवरचा भार हलका होतो. स्टॉकिंगने झडप दुरुस्त होत नाही. डाग पडलेला असताना निव्वळ स्टॉकिंगवर वर्षं काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.
कामावर दर अर्ध्या तासाने 20 वेळा टाचा उचलायला सांगा, पोळ्या लाटतानाही जमतं.
गाठ फुटून रक्त आलं तर आईला तिथेच आडवं करा, पाय उंच धरा आणि स्वच्छ कापडाने फुटलेल्या जागेवरच 10 मिनिटं दाबून ठेवा. वर दोरी आवळू नका. एकाच पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखू लागली तर त्याच दिवशी डॉप्लर. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट 108.