मैत्रीने मतभेद: नियम फक्त बोलणाऱ्यालाच का?

ओकास (धागा सुरू करणारे)

सर्वांना जय भीम, नमो बुद्धाय.

विहाराच्या बैठकीत मतभेद झाला की बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. आवाज चढतात, जुनी उणीदुणी निघतात आणि वर्षभरात त्याच वस्तीत दुसरं मंडळ उभं राहतं. किंवा कुणीतरी ‘बुद्धांनी मैत्री शिकवली, वाद नको’ असं म्हणतं आणि विषय गुंडाळला जातो. माझ्या मते दोन्ही धम्माला धरून नाही. दुसऱ्याला चूक कशी दाखवावी, याची पद्धत पालि साहित्यात अगदी बारकाईने दिली आहे.

अंगुत्तर निकाय या पालि सुत्तसंग्रहाच्या पंचक निपातात बुद्धांचे प्रमुख शिष्य सारिपुत्त सांगतात, चूक दाखवू पाहणाऱ्याने आधी पाच गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. योग्य वेळी बोलेन, अवेळी नाही (कालेन). जे खरं तेच बोलेन (भूतेन). मृदू बोलेन, कठोर नाही (सण्हेन, नो फरुसेन). हिताचं बोलेन (अत्थसंहितेन). मैत्रीचित्ताने बोलेन, मनात द्वेष ठेवून नाही (मेत्तचित्तो, नो दोसन्तरो).

नेहमीचं उदाहरण घेऊ: १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजे लावायचा की अभ्यासिकेला पुस्तकं घ्यायची? डीजेवाल्याला विसार देऊन झाल्यावर, मिरवणुकीच्या आदल्या रात्री हा मुद्दा काढणं म्हणजे अकाल. तो पावतीपुस्तकं छापायच्या आधी, जानेवारीतच यायला हवा. ‘सगळा पैसा उधळता’ हे अभूत. गेल्या वर्षीच्या हिशोबाच्या वहीतला डीजेचा आकडा वाचून दाखवा, तेवढं पुरतं. हिताचं आहे का हे तपासायचं तर ठराव एका वाक्यात लिहून पाहा. लिहिता येत नसेल तर ती नुसती चीड आहे, मुद्दा अजून तयार नाही. मैत्रीचित्ताची खूण सगळ्यात अवघड: समोरच्याने लगेच मान्य केलं तर आपल्याला बरं वाटेल की भांडायचं राहिलं म्हणून चुटपुट लागेल? चुटपुट लागणार असेल तर त्या दिवशी हात वर करू नये.

या सगळ्याच्या आधी परवानगी मागायची असते. विनयात, म्हणजे संघाच्या नियमग्रंथात, तिचे शब्दही ठरलेले आहेत: ‘करोतु मे आयस्मा ओकासं, अहं तं वत्तुकामो’. म्हणजे आयुष्मानांनी मला अवकाश द्यावा, मला आपल्याशी बोलायचं आहे.

माझं म्हणणं असं की या पाच कसोट्या आपल्या बैठकांचा नियम व्हाव्यात. आपलं मत सांगा.

चवदार

जय भीम. मांडणी नेमकी आहे, तरी माझा विरोध आहे.

सारिपुत्तांचा तो उपदेश एका संघातल्या भिक्खूंसाठी आहे. दोघांनी तेच २२७ नियम स्वीकारलेले, दोघांचं चीवर सारखं, दोघंही भिक्षेवर जगणारे. तिथे मृदू बोलण्याची अट दोघांवर सारखीच पडते. बैठकीत किंवा गावात तसं नसतं. खुर्चीवरचा माणूस हळू आवाजात ‘नाही’ म्हणतो आणि ते सभ्य ठरतं. खाली बसलेल्याचा आवाज जरा वर गेला की ‘भाषा सांभाळा’.

‘कालेन’ ही अट तर सगळ्यात धोक्याची. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी त्या पाण्याला हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हाही ही वेळ नव्हे असं म्हणणारे होतेच. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. योग्य वेळ कोणती हे समोरचाच ठरवणार असेल तर ती वेळ येतच नाही.

आणि चुकीचं मत धरून बसलेल्या अरिट्ठ आणि साती या भिक्खूंना खुद्द बुद्धांनी ‘मोघपुरिस’ म्हटलं आहे. मोघ म्हणजे पोकळ, फुकट गेलेला. हे सण्ह की फरुस?

रोहिणीकाठ

चवदारदादांच्या शेवटच्या मुद्द्याचं उत्तर मज्झिम निकायाच्या अभयराजकुमार सुत्तात आहे. निगण्ठ नातपुत्त (जैनांचे महावीर) अभय राजकुमाराला दुधारी प्रश्न देऊन पाठवतात: तथागत दुसऱ्याला अप्रिय वाटेल असं बोलतात का? हो म्हटलं तर सामान्य माणसात आणि त्यांच्यात फरक काय? नाही म्हटलं तर देवदत्ताला जे सुनावलं त्याचं काय? बुद्ध म्हणतात, याचं एकांगी उत्तर नाही. अभयाच्या मांडीवर तान्हं मूल होतं. त्याच्या तोंडात काडी किंवा खडा गेला तर काय करशील, असं विचारतात. अभय म्हणतो, एका हाताने डोकं धरीन आणि बोट वाकडं करून तो बाहेर काढीन, रक्त आलं तरी.

मग बुद्ध वाणीचे सहा प्रकार करतात. जे खोटं किंवा अहिताचं, ते प्रिय असो वा अप्रिय, बोलायचंच नाही. असे चार प्रकार बाद होतात. उरतात दोन: खरं, हिताचं आणि अप्रिय, खरं, हिताचं आणि प्रिय. दोन्हींसाठी तथागत वेळ पाहतात. म्हणजे गोड बोलण्यालाही वेळ लागते. हे आपण विसरतो. अध्यक्षांची अवेळी केलेली स्तुतीही याच कसोटीवर नापास होते.

‘मोघपुरिस’ कधी येतं तेही पाहावं. अरिट्ठाला आधी इतर भिक्खू समजावतात. तो ऐकत नाही, तेव्हा बुद्ध त्याला बोलावतात आणि पहिला प्रश्न असतो: हे खरं का, की तू असं म्हणतोस? त्याच्या तोंडून हो आल्यावर मग तो शब्द येतो. पाठीमागे नाही, ऐकीव गोष्टीवर नाही. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. विशेषण आधी लागतं, खातरजमा नंतर, आणि तीही समाजमाध्यमावर.

तेव्हा सण्ह म्हणजे गुळमुळीत नव्हे. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचं भाषण रद्द केलं. ते त्यांनी स्वतः छापलं. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली, तेव्हा १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि मग तिला उत्तर दिलं. उत्तर अजिबात मऊ नाही. पण प्रतिपक्षाचं म्हणणं वाचकाच्या हातात त्याच्याच शब्दांत आहे. माझ्या लेखी आदर तो हाच.

चवदार

हे मान्य. मग ‘सण्हेन’चा अर्थ धाग्यात नीट लिहा: आवाजाची पट्टी नव्हे, तर शिवी, टोमणा आणि जात काढणं नाही. तसं न लिहिल्यास हा नियम पहिल्याच बैठकीत गरिबाच्या तोंडावर मारला जाईल.

वर्षावास

नमो बुद्धाय. दोन्ही बाजू बोलणाऱ्याबद्दलच बोलताहेत. विनयाचा अर्धा भार ऐकणाऱ्यावर आहे आणि तोच भाग आपण गाळतो.

सारिपुत्तांच्या त्याच उपदेशात पुढे येतं की ज्याला चूक दाखवली जाते त्याने दोन गोष्टी धराव्यात: सत्य आणि अकोप. पातिमोक्खातला (भिक्खूंच्या नियमयादीतला) बारावा संघादिसेस पाहा. कोसंबीच्या घोसितारामात छन्न नावाचा भिक्खू म्हणायचा, तुम्ही मला बरंवाईट काही सांगू नका, मीही तुम्हाला सांगणार नाही. अशा माणसाला संघाने तीनदा समजवायचं. तरी हट्ट सोडला नाही तर संघादिसेस, म्हणजे पाराजिकाखालोखालचा (संघातून कायमचं बाहेर काढणाऱ्या दोषाखालोखालचा) गंभीर दोष लागतो. म्हणजे ऐकून घ्यायला नकार देणं हाच अपराध आहे. उपज्झाय (गुरू) चुकीच्या मताकडे झुकला तर शिष्याने त्याला त्यातून सोडवावं, हे विनयाच्या महावग्गात शिष्याचं कर्तव्य म्हणून सांगितलं आहे. तिथे वयाचा मान आडवा येत नाही.

आणि पवारणा. तीन महिन्यांच्या वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्खू संघापुढे उकिडवा बसून, हात जोडून तीन वेळा म्हणतो: माझ्याबद्दल जे पाहिलं, ऐकलं किंवा ज्याची शंका आली ते आयुष्मानांनी अनुकंपेने सांगावं, दिसल्यावर मी सुधारीन. सुरुवात सगळ्यात ज्येष्ठ थेरापासून होते. संयुत्त निकायात श्रावस्तीच्या पूर्वारामात खुद्द बुद्ध सुमारे पाचशे भिक्खूंना विचारतात, माझ्या कायेत वा वाणीत काही निंद्य दिसलं का?

आश्विन पौर्णिमेला आपण विहारात खीरदान करतो, वर्षावासाचं ग्रंथवाचन संपवतो. त्या दिवशी अध्यक्ष, सचिव आणि खजिनदारांनी याच क्रमाने उभं राहून हे तीन वेळा विचारावं. ‘शंका’ हा शब्द गाळू नये. पुरावा हातात नसलेल्या सामान्य सभासदाला तोच एक शब्द तोंड उघडू देतो.

शलाका

वर्षावासताईंचं म्हणणं सुंदर आहे, पण विनयाची एवढी भलामण मला पटत नाही. त्याच विनयात भिक्खुनींचे आठ गरुधम्म, म्हणजे त्यांच्यावर घातलेले विशेष नियम, आहेत. आठवा काय म्हणतो? ‘ओवटो भिक्खुनीनं भिक्खूसु वचनपथो, अनोवटो भिक्खूनं भिक्खुनीसु वचनपथो.’ भिक्खुनींनी भिक्खूंना बोलण्याची वाट बंद, भिक्खूंनी भिक्खुनींना बोलण्याची खुली. पवारणाही भिक्खुनींनी दोन्ही संघांपुढे करायची, भिक्खूंनी मात्र फक्त आपल्या संघात. शंभर वर्षांची उपसंपदा (पूर्ण दीक्षा) झालेल्या भिक्खुनीने त्याच दिवशी उपसंपदा घेतलेल्या भिक्खूला वंदन करायचं, हा तर पहिलाच नियम.

अनेक अभ्यासक ही नंतरची भर मानतात. असेलही. पण मतभेदाची बौद्ध पद्धत सांगताना हे झाकून ठेवलं तर ‘भूतेन’ची कसोटी आपणच मोडतो.

वर्षावास

शलाकाताई, झाकायचा हेतू नव्हता, पण मी लिहायला हवं होतं. बैठकीसाठी विनयातली पद्धत घ्यायची, तो आठवा नियम घ्यायचा नाही, एवढं मी स्पष्ट म्हणते.

चवदार

आता कोसंबीचं नाव निघालंच आहे तर तिथलं भांडण पूर्ण सांगा. अट्ठकथेप्रमाणे (पालि भाष्यग्रंथाप्रमाणे) सुरुवात शौचालयातल्या पाण्याच्या भांड्यावरून. एका धम्मकथिकाने (प्रवचनकार भिक्खूने) थोडं पाणी भांड्यात तसंच ठेवलं. विनयधर (नियमांचा जाणकार भिक्खू) म्हणाला, हा दोष आहे. तो म्हणाला, मग मी कबूल करतो. विनयधर म्हणाला, जाणूनबुजून नसेल तर दोष नाही. इथे विषय मिटला होता. पण विनयधराने आपल्या शिष्यांना सांगितलं की त्याला दोष लागलाय आणि त्याला कळतही नाही. शिष्यांकडून शिष्यांकडे गेलं आणि संघ फुटला. बुद्धांनी समजावलं तेव्हा भिक्खू म्हणाले, भगवंतांनी निवांत राहावं, हे भांडण आम्ही बघून घेऊ. बुद्ध निघून पारिलेय्यक वनात गेले.

मग मिटलं कसं? कोसंबीच्या उपासकांनी ठरवलं: या भिक्खूंना वंदन नाही, भिक्षा नाही. तेव्हा भिक्खू श्रावस्तीला बुद्धांकडे मिटवायला गेले. मृदू शब्द तिथे हरले होते. सामान्य माणसांनी हात आखडता घेतला, त्याने काम झालं. म्हणून माझं म्हणणं कायम आहे: असहकाराला जागा नसलेली मैत्री अपुरी.

रोहिणीकाठ

दादा, हे मी पूर्ण मान्य करतो. पण त्या उपासकांनी विहाराला आग लावली नाही, भिक्खूंना शिव्या दिल्या नाहीत. वंदन थांबवलं, भिक्षा थांबवली, आणि भिक्खू मिटवायला निघाले. असहकार आणि मैत्रीचित्त एकत्र नांदू शकतात, याचं हे उदाहरण आहे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्याचा शाक्य-कोलिय तंटा घेतला आहे. धर्मानंद कोसंबींनीही या तंट्याकडे लक्ष वेधलं होतं. त्यात सिद्धार्थ शाक्य संघात युद्धाच्या ठरावाला उभा राहून विरोध करतो, मतदानात हरतो, सैन्यात जायला नकार देतो. त्याच्यापुढे पर्याय असतात: सैन्यात सामील होणं, फाशी वा देशत्याग, किंवा कुटुंबावर बहिष्कार आणि मालमत्तेची जप्ती. तो कुटुंबाला झळ लागू न देता परिव्रज्या घेतो. ठराव मोडत नाही आणि मतही बदलत नाही.

शलाका

मतदानाचं निघालं म्हणून लिहिते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या सभानियमांचा उल्लेख केला: ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान. विनयात बहुमताने निर्णय घेण्याचं नाव येभुय्यसिका. रंगीत शलाका (मतासाठीच्या काड्या) वाटायच्या. वाटणारा छंद, द्वेष, मोह, भय या चारांपासून मुक्त हवा. पद्धती तीन: गुप्त, कानात सांगून, उघड. मात्र गुप्त पद्धतीत अधर्मवादी जास्त निघाले तर वाटणाऱ्याने मोजणी नीट झाली नाही म्हणून ती रद्द करावी, असंही तिथे आहे. हे आजच्या लोकशाहीत बसत नाही. ते कुणी उचलू नये.

डीजेच्या प्रश्नावर हात वर करून मतदान घेतलं तर देणगीदाराच्या समोर कुणीच हात वर करणार नाही. चिठ्ठ्या घ्या. मोजायला दोन माणसं, एक डीजेच्या बाजूचा, एक अभ्यासिकेच्या.

ओकास

सगळ्यांचे आभार. मूळ मांडणीत तीन बदल करतो. ‘सण्हेन’चा अर्थ चवदारदादांनी लिहिला तसा: शिवी, टोमणा आणि जात नाही, आवाज कसाही चालेल. पवारणा आधी पदाधिकाऱ्यांची, मग सभासदांना कसोट्या. शलाकाताईंच्या म्हणण्याप्रमाणे चिठ्ठ्या.

‘कालेन’बद्दल मात्र मी अजून ठाम आहे. वेळ हवीच. पण ती अध्यक्षांच्या मर्जीवर नको, हे पटलं. म्हणून सूचना अशी: लेखी ओकास मागितला की पुढच्याच बैठकीत पहिला विषय तोच घ्यायचा.

चवदार

आणि पुढची बैठकच बोलावली नाही तर?

ओकास

तर कोसंबीच्या उपासकांसारखं वर्गणी थांबवायची. पण कारण लिहून, सही करून, आणि पत्र अध्यक्षांच्या हातात देऊन.